कश्यप गोत्राचा किल्ट

"निऱ्या पुढेच असतात! आमच्याकडे हजार वर्षं पुढेच आहेत!"

माझा साडू स्वतःच्या ड्राइव्हवेमध्ये उभा राहून ओरडत होता. समोरच्या घरातला म्हातारा त्याच्या ड्राइव्हवेमधून ओरडत होता, "ॲट द बॅक, मेट! प्लीट्स गो ॲट द बॅक!" करोनाचे दिवस होते आणि माणसामाणसात दीड मीटर अंतर ठेवायचा हुकूम होता, पण या दोघांनी कायद्याबद्दलच्या आदरापोटी मध्ये अख्खा रस्ता ठेवला होता. त्यामुळे हा खाजगी संवाद ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या निम्म्या घरांना आणि झाडून सगळ्या कुत्र्यांना ऐकू जात होता. साडूच्या कमरेला नवा कोरा, अस्सल लोकरीचा, आठ वार कापडाचा स्कॉटिश किल्ट होता. डिसेंबरचं ऊन असं होतं की आमच्या पत्रपेटीत टाकलेली बिलं आतल्या आत भाजून निघत. आणि त्या उन्हात, त्या लोकरीच्या सगळ्याच्या सगळ्या निऱ्या साडूने नऊवारी नेसल्यासारख्या पोटावर घेतल्या होत्या.

पँट या वस्तूचा माझ्या साडूइतका कडवा शत्रू दक्षिण गोलार्धात दुसरा झाला नाही. उत्तर गोलार्धाचं मी सांगत नाही, तिकडे स्कॉटलंड आहे. पण स्कॉटलंडच्या माणसाला किल्ट घालायला काहीतरी कारण असतं, बाप असतो, आजा असतो, निदान थंडी तरी असते. साडूला यातलं काहीच नव्हतं. तो मूळचा सांगलीचा. इथे आला शिकायला, राहिला, पर्मनंट झाला, आणि आता लोकांच्या घरी एअरकंडिशनर बसवतो. म्हणजे ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली, जिथे पाल सुद्धा पाण्याची बाटली घेऊन जाते, तिथे हा पोटावर सरपटत जायचा आणि दुसऱ्यांचा हॉल गार करून यायचा. अशाच एका छपराखाली त्याला साक्षात्कार झाला म्हणे. बाहेर आला, शिडीवरून उतरला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "पँट ही माणसाने स्वतःच स्वतःला लावलेली संचारबंदी आहे." गिऱ्हाईक व्हिएतनामी होतं आणि हे मराठीत सांगितलेलं होतं. पण साडूच्या म्हणण्याप्रमाणे ते गृहस्थ डोळे मिटून सावकाश मान हलवत होते.

त्या आठवड्यातच त्याने एक किल्ट मागवला. हा पहिला किल्ट आधुनिक होता. काळ्या, हलक्या सुती कापडाचा, प्रेस-बटणांचा, दोन्ही मांड्यांवर कप्प्याचे मोठाले खिसे असलेला. कामकरी लोकांसाठीच काढलेला. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा साडू कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढत आणत होता, आणि डब्यांतून जेवण्यात ज्यांचा जन्म जातो ते इथले शराटी पक्षी जेवण थांबवून त्याच्याकडे पाहत होते.

"अरे, तू काय स्कॉटिश आहेस का?" मी विचारलं.

"तू पँट घालतोस. तुझे आजोबा लंडनचे का?"

हा त्याचा हुकमी एक्का होता. त्यापुढे मी गप्प बसलो, दुकानातला कॅशियर गप्प बसला, त्याचा बॉस गप्प बसला. (बॉसने एवढंच म्हटलं, की शिडीचं काम असेल त्या दिवशी मात्र पँट. मग ही सूचना ऑफिसच्या भिंतीवरही लागली. साडू तिचा उल्लेख 'माझ्यासाठी काढलेला जीआर' असा करत असे.) त्याची शाळकरी मुलगी मात्र गप्प बसली नाही. ती म्हणाली, "डॅड, यू कॅन वेअर इट. जस्ट डोंट पिक मी अप फ्रॉम स्कूल." सुदैवाने तेव्हा शाळा घरातल्या डायनिंग टेबलावरच भरत होत्या.

आणि ताई. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूची बायको. ताई म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये नर्स आहे. तिने किल्टकडे वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिलं, ताप मोजल्यासारखं, आणि म्हणाली, "तू घाल. काय हवं ते घाल. पण ते तुझ्या कमरेला असताना मी तुझ्याबरोबर चालणार नाही."

वरवर पाहता हे साधं वाक्य आहे. पण त्या दिवसांत त्याचं वजन काय होतं ते सांगायला हवं. एरवी या नवराबायकोची गाठ पडायची ती घराच्या दारात. ही शिफ्टवरून येतेय, हा कामाला निघालाय. त्यांचा संसार चालायचा तो फ्रिजवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर. करोना आला, साडूची कामं निम्म्यावर आली, ताईच्या पाळ्या बदलल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच दोघांना एका वेळी संध्याकाळ मिळाली. व्यायामासाठी बाहेर पडायला परवानगी होती. दोघं घराजवळच्या तळ्याभोवती फिरायला जायला लागले. दोन आठवडे गेले. आम्ही बाकावर बसून बघायचो, म्हणजे बाकावर बसायला बंदी होती म्हणून बाकाला टेकून उभं राहून बघायचो. ताई बोलत असायची, साडू ऐकत असायचा. माझी बायको म्हणायची, "भावजींना इतकं ऐकताना मी लग्नात पण पाहिलं नव्हतं." आणि मग तो किल्ट आला.

त्या दिवसापासून ताई तळ्याच्या डाव्या अंगाने जाऊ लागली आणि साडू उजव्या. तळं गोल असल्यामुळे पलीकडच्या टोकाला दोघं समोरासमोर यायचे. त्या वेळी साडू टोपी काढून वाकून नमस्कार करायचा. ताई "गुड ईव्हनिंग" म्हणायची, जसं कुत्रं फिरवणाऱ्या कोणालाही म्हणतात तसं, आणि पुढे जायची. हे रोज. बदकांना सुद्धा पाठ झालं होतं. दोघं जवळ आले की बदकं पाण्यातून बाहेर येऊन काठावर रांगेने बसायची.

"अरे, मग घाल ना एक तास पँट," मी म्हटलं.

"तिने पँट घाल म्हटलंय का? नाही ना? ती म्हणते, तू घाल, मी येत नाही. यात मागे घ्यायला वाक्यच ठेवलेलं नाही तिने." मग बटणाशी चाळा करत तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी दोघांना एका वेळी संध्याकाळ मिळालीय रे. आणि बघ, माझी इकडे, तिची पाण्यापलीकडे."

तेवढं एकच वाक्य तो हलक्या आवाजात बोलला. लगेच पुढच्या मिनिटाला त्याने मला रोमन सैनिक, केरळातले मुंडू नेसणारे, फिजीचे पोलीस आणि आमच्या कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान अशी पँट न घालता पराक्रम करणाऱ्यांची यादी ऐकवली.

गणपतीत प्रकरण चव्हाट्यावर आलं. त्या वर्षी मंडळाची आरती ऑनलाइन होती. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, सगळीकडची मराठी घरं आपापल्या चौकटीत उभी. व्हिडिओ कॉलवर माणूस कमरेपर्यंतच असतो हा त्या काळातला मोठा दिलासा होता. निम्मी मंडळी वर झब्बा आणि खाली पायजमा अशी अर्धवट सणासुदीची असायची. साडूने सुद्धा वर कडक रेशमी झब्बा घातला होता. पण आरती फिरवायला तो उठला. हातात तबक, तोंडात "जय देव, जय देव", आणि पडद्यावर घंटेच्या तालावर डोलणारा काळा किल्ट, खिशात खोचलेल्या काडेपेटीसकट. टाळ्या हळूहळू बंद पडल्या. मग सिडनीच्या टूनगॅबीहून एका मावशींचा आवाज आला, "अय्या, सोवळं नेसलेत वाटतं! किती छान. आमच्याकडे बर्म्युडात आरती करतात मेले."

ताईने कॅमेरा बंद केला. आणि नैवेद्य दाखवायच्या आधीच ती साडूला म्हणाली, "घालायचंच आहे ना? मग निदान खरं तरी घाल. हे काय खिसेवालं? ना त्यांचं ना आपलं!"

कुठल्याही शहाण्या माणसाला यात राग ऐकू आला असता. साडूला आशा ऐकू आली. त्याचं गणित असं, की ताईचा आक्षेप किल्टला नसून आधुनिकतेला आहे. खरा, परंपरेचा किल्ट आणला की ताई बरोबर चालणार. मी म्हटलं, "तसं ती म्हणालेली नाही." तो म्हणाला, "बायका तसं म्हणत नाहीत रे, राजा."

इथे समोरच्या म्हाताऱ्याचा प्रवेश होतो. त्याचे आजोबा स्कॉटलंडहून बोटीने आले होते. तो स्वतः तिकडे कधी गेला नव्हता, आयुष्यभर अर्धी चड्डी आणि रबरी चपला यापलीकडे त्याने काही घातलं नव्हतं, किल्टला तर हात लावला नव्हता. पण साडूने रस्त्यापलीकडून हाक मारून सल्ला विचारला आणि त्या दिवसापासून तो परंपरेचा शंकराचार्य झाला. आम्हाला आमच्या खिडकीतून दिसायचं. साडूने प्रश्न विचारला की म्हातारा "जस्ट अ सेक, मेट" म्हणून घरात जायचा, टॅबलेटवर शोधायचा, आणि बाहेर येऊन पूर्वजांच्या आवाजात उत्तर द्यायचा. लोकरच हवी. आठ वारच हवे. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत, एक बोट वर नाही की खाली नाही. खिसे? खिसे म्हटल्यावर त्याने छातीवर हात ठेवला.

मग चौकडा, म्हणजे कापडावरच्या चौकटींची नक्षी, कुठला घ्यायचा हा पेच आला. तिकडे म्हणे प्रत्येक घराण्याचा चौकडा ठरलेला असतो. दुसऱ्याच्या घराण्याचा चौकडा नेसणं साडूच्या मनाला पटेना, याबाबतीत तो फार सोवळा. म्हाताऱ्याने घरात जाऊन येऊन सांगितलं, की ज्यांना घराणं नाही त्यांच्यासाठी काही चौकडे सर्वांना खुले ठेवलेले आहेत. साडूचा चेहरा असा उजळला की रस्त्यावरचे दिवे लवकर विझले. "म्हणजे गोत्रासारखंच की! भटजींनी विचारलं आणि आपल्याला माहीत नसलं की कश्यप सांगायचं. हा कश्यप गोत्राचा चौकडा आहे!" हिरवा-निळा कश्यप गोत्राचा चौकडा परदेशातून निघाला. त्या वर्षी टपालखात्यात पार्सलांचाच विलगीकरण कक्ष झाला होता, त्यामुळे तो ऐन डिसेंबरात पोचला. त्याच्याबरोबर पुढे लटकवायची चामड्याची पिशवी आली, तिला साडू चंची म्हणायचा आणि तिच्यात सॅनिटायझर ठेवायचा. लोकरीचे लांब मोजे आले. मोज्यात खोचायला छोटी सुरी असते असं म्हाताऱ्याने सांगितल्यावर साडूने स्वयंपाकघरातलं सोलाणं खोचलं. कायदेशीर अडचण नको.

निऱ्यांचं मात्र विचारायचं राहिलं होतं. मराठी माणसाला निऱ्या कुठे असतात हे विचारायची गरज काय? म्हणून तो दिवस, तो ड्राइव्हवे आणि ती आरडाओरड. म्हातारा तीनदा घरात जाऊन आला. शेवटी त्याने टॅबलेटच बाहेर आणून डोक्यावर धरला. रस्त्यापलीकडून साडूला दिसलं काहीच नाही, पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची कळकळ पाहून तो पाघळला. आत गेला आणि निऱ्या मागे घेऊन आला. "बसताना चुरगळतात," तो मला हळूच म्हणाला, "पण त्यांचा देव आहे, त्यांच्या पद्धतीने पूजा."

त्या संध्याकाळी तो पूर्ण पोशाखात तळ्यावर आला. खोटं कशाला सांगू, रुबाबदार दिसत होता. म्हातारा सुद्धा खुर्ची घेऊन अंतरावर बसला होता. ताई आली. तिने साडूभोवती एक पूर्ण चक्कर मारली, निऱ्यांना बोट लावून पाहिलं, चंची उघडून बंद केली.

"बरं दिसतंय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? मस्तच." आणि ती डाव्या अंगाने निघाली.

साडू तिथेच उभा राहिला. मला वाटलं आता हा ओरडेल, भाषण करेल, फिजीचे पोलीस काढेल. पण त्याने टोपी नीट केली आणि उजव्या अंगाने चालू लागला. आठ वार लोकर कमरेला बांधून ब्रिस्बेनच्या डिसेंबरात चालणं म्हणजे काय, ते ज्याने तंदूरमध्ये रजई पांघरून झोपून पाहिलंय त्यालाच कळेल. पहिल्या वळणावर त्याची पाठ भिजली. दुसऱ्या वळणावर मोजे भिजले. त्याच्या मागे सिमेंटच्या वाटेवर ओला पट्टा उमटत गेला आणि त्या पट्ट्यावरून, मी शपथेवर सांगतो, दोन बदकं पोहत गेली. निम्म्या वाटेवर झाडाखाली एक बाक होता. बंदी होती तरी साडू त्यावर बसला. मग आडवा झाला.

पाण्याच्या पलीकडून ताईने ते पाहिलं. आम्ही तिला पळताना कधी पाहिलं नव्हतं, केअर होममध्ये नर्सना पळायची मनाई असते म्हणे. पण ती पळाली. आम्ही पोचेपर्यंत तिने मोजे उतरवले होते, चंची लांब फेकली होती आणि स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या मानेवर रिकामी केली होती. भिजलेल्या मेंढीचा वास सगळ्या तळ्यावर पसरला. ताईचं एक बोट साडूच्या नाडीवर होतं, आणि नाडी मोजायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ होतं.

"खरं घाल म्हणालीस ना तू," साडू डोळे न उघडता म्हणाला.

"गाढव आहेस. उद्यापासून ते खिसेवालंच घाल."

"आणि तू?"

"पाणी पी आधी."

दुसऱ्या दिवशी दुपारभर उकडलं आणि संध्याकाळी इथल्या उन्हाळ्यात येतं तसं वादळ पश्चिमेला काळं होऊन उभं राहिलं. पाऊस नव्हता, पण वारा सुटला होता. मी आणि बायको आमच्या नेहमीच्या जागी होतो. त्या वर्षी सरहद्दी बंद, विमानं बंद, भारतातून कोणी येऊ शकत नव्हतं, आम्ही कोणाकडे जाऊ शकत नव्हतो. आमच्या वाट्याला दोन घरं, एक तळं आणि ही माणसं एवढंच होतं, आणि आता मागे वळून बघताना वाटतं, की ते काही कमी नव्हतं. तेवढ्यात वळणावर साडू दिसला. काळा, हलका, खिसेवाला किल्ट. आणि त्याच्या डाव्या हाताला, उजव्या अंगाच्या वाटेवर, ताई.

ती बोलत होती. तो ऐकत होता. जवळ आल्यावर दिसलं, की ताईचा एक हात साडूच्या मागे होता आणि मुठीत निऱ्या घट्ट धरलेल्या होत्या. एरवी त्या दोन खिशांत पाने, पक्कड, स्क्रू असा किलो-दोन किलोचा ऐवज असायचा आणि त्या वजनाने किल्ट जागच्या जागी राहायचा. त्या दिवशी दोन्ही खिसे रिकामे होते. ते साडूने विसरून रिकामे ठेवले की मुद्दाम, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. आमच्या समोरून जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं, पण डोळा वगैरे मारला नाही. सभ्य माणूस आहे. दोघं तशीच पुढे गेली, अख्खी फेरी मारून परत आली, पुन्हा गेली. वादळ आमच्यावरून निघून दुसरीकडेच कुठेतरी पडलं.

रात्री जेवणाच्या वेळी ताई आमच्याकडे डबा द्यायला आली तेव्हा माझ्या बायकोला राहवेना.

"ताई, आज एकदम बरोबर? सगळ्या तळ्याने पाहिलं हं. काय झालं काय एवढं?"

ताईने डबा ओट्यावर ठेवला आणि झाकण नीट बसलंय ना ते दाबून पाहिलं.

"वारा होता," ती म्हणाली.